शिवरामकृष्ण चंद्रशेखर

हा लेख द्रवस्फटिकांचे अभ्यासक शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांच्याविषयी आहे. १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे खगोलभौतिकीविद सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे त्यांचे मामेभाऊ होत. नामसाधर्म्यामुळे दोघांच्या कार्याची पुष्कळदा गल्लत होते.

शिवरामकृष्ण चंद्रशेखर (जन्म : कोलकाता, ६ ऑगस्ट १९३०, मृत्यू : बंगळूर, ८ मार्च २००४) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. नागपूर विद्यापीठाचे पदवीधर असलेल्या चंद्रशेखर यांनी म्हैसूर आणि बंगळूर येथे द्रवस्फटिकांच्या संशोधनाची परंपरा उभी केली. चकतीसारख्या आकाराच्या रेणूंपासूनही द्रवस्फटिक तयार होतात, हा त्यांच्या गटाने १९७७ मध्ये लावलेला शोध सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. शोध लागला तेव्हा त्याचा व्यवहारात काही उपयोग होईल, असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पुढे अशाच रेणूंपासून बनविलेले पॉलिमरचे पातळ थर संगणकाच्या सपाट पडद्यांमध्ये वापरले जाऊ लागले.

कुटुंब व शिक्षण

चंद्रशेखर यांच्या मातोश्री सीतालक्ष्मी या चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या धाकट्या भगिनी. वडील सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते आणि त्या निमित्ताने कुटुंबाचे वास्तव्य नागपुरात होते. योगायोग असा, की रामन हेही तरुणपणी याच खात्यात नोकरीला होते आणि १९१० मध्ये काही काळ नागपूरच्याच कचेरीत होते. मामांनी हिशेब खाते सोडून विज्ञानाची वाट धरली, आणि भाच्यांपैकी तिघे त्याच वाटेने गेले. थोरले शिवराज रामशेषन स्फटिकशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले. धाकटे पंचरत्नम यांनी ध्रुवित प्रकाशाविषयी केलेले मूलगामी काम त्यांच्या हयातीत उपेक्षितच राहिले; १९६९ मध्ये ऑक्सफर्ड येथे वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. ध्रुवित प्रकाशात सापडणारी जी कला आज पंचरत्नम यांच्या नावाने ओळखली जाते, तिचे महत्त्व जगाला १९८० च्या दशकात उमगले. तिन्ही भाऊ नागपूर विद्यापीठाचे विद्यार्थी होते, ही गोष्ट विदर्भातही फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

चंद्रशेखर यांनी १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील एम.एस्‌सी. पदवी पहिल्या क्रमांकाने मिळविली. त्यानंतर ते बंगळूर येथील रामन संशोधन संस्थेत मामांच्या हाताखाली संशोधन करू लागले. क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांतून ध्रुवित प्रकाश जाताना त्याच्या कंपनाची दिशा फिरते, आणि ती किती फिरते हे प्रकाशाच्या रंगावर अवलंबून असते. या परिणामाचे मोजमाप व त्याची उपपत्ती हा त्यांचा विषय होता. या कामाबद्दल १९५४ मध्ये नागपूर विद्यापीठाने त्यांना डी.एस्‌सी. पदवी दिली.

पुढे १८५१ च्या प्रदर्शनाच्या निधीतून दिली जाणारी शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गेले. स्फटिकावर क्ष-किरण पाडले असता आतल्या आत होणाऱ्या पुनःपुन्हा परावर्तनामुळे बाहेर पडणाऱ्या किरणांची तीव्रता अपेक्षेपेक्षा कमी भरते. ही तूट ध्रुवित क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रत्यक्ष मोजण्याची रीत त्यांनी सुचविली. केंब्रिजची पीएच.डी. मिळविल्यावर त्यांनी काही काळ लंडनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज व रॉयल इन्स्टिट्यूशन येथे काम केले. प्रकाश, ध्रुवीकरण आणि स्फटिक या तीन विषयांवर या दहा वर्षांत त्यांची पकड बसली. पुढच्या आयुष्यातील जवळजवळ सगळे काम या शिदोरीवर झाले आहे.

म्हैसूर : एका विस्मृत विषयाची निवड

१९६१ मध्ये चंद्रशेखर मायदेशी परतले आणि म्हैसूर विद्यापीठात नव्याने सुरू झालेल्या भौतिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. विभाग नवा आणि साधने तुटपुंजी असल्याने जिथे मोठ्या यंत्रसामग्रीवाचून काही करता येईल, असा विषय निवडणे भाग होते. त्यांनी द्रवस्फटिक निवडले.

त्या काळी ही निवड अनेकांना विचित्र वाटली असणार. द्रवस्फटिकांचा पहिला शोध १८८८ मधला. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनिट्झर यांना गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलपासून बनविलेला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. एका तापमानाला तो गढूळ द्रव होई, आणखी तापविल्यावर स्वच्छ. तो गढूळ द्रव वाहतो द्रवासारखा, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ऑटो लेमान यांनी दाखविले. पुढे काही दशके या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो बाजूला पडला. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठात द्रवस्फटिकांची स्वतंत्र संस्था निघाली ती १९६५ मध्ये. म्हणजे या विषयाचे पुनरुज्जीवन होऊ लागले त्याच सुमारास म्हैसूरचा गटही कामाला लागलेला होता.

द्रवस्फटिक म्हणजे काय, हे काड्यापेटीच्या उदाहरणाने समजू शकते. पेटीत काड्या एकाच दिशेने पडलेल्या असतात, पण पेटी हलविली की पुढेमागे सरकतात. लांबट रेणूंच्या द्रवस्फटिकात रेणूंची दिशा अशीच ठरलेली असते, जागा मात्र ठरलेली नसते. या साध्या प्रकाराला नेमॅटिक म्हणतात. रेणू एकाच दिशेने राहूनही शिवाय थरांत बसले तर तो स्मेक्टिक, आणि दिशा पायरीपायरीने वळत जाऊन मळसूत्र झाले तर कोलेस्टेरिक.

कोलेस्टेरिकचे मळसूत्र प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे असले की त्यातून झळझळीत रंग परावर्तित होतात. काही भुंगेऱ्यांच्या पाठीवरची चमक याच जातीची असते. चंद्रशेखर यांना या परावर्तनात स्फटिकावरून होणाऱ्या क्ष-किरणांच्या परावर्तनाचे साम्य दिसले. केंब्रिजमध्ये हाताळलेले गणित त्यांनी सहकाऱ्यांसह येथे लागू केले आणि कोलेस्टेरिकमधील प्रकाशाच्या वर्तनाचा सुटसुटीत सिद्धांत मांडला. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाचे दोन प्रकार असतात. असे मळसूत्र त्यांपैकी एकाला परतवते आणि दुसऱ्याला जाऊ देते. या गुणाचा वापर करणारे पॉलिमरचे थर पुढे एलसीडी पडद्यांमागील दिव्याचा वाया जाणारा प्रकाश पुन्हा कामी आणण्यासाठी बनविले गेले. म्हैसूरच्या कागदांवर अर्थातच त्याचा मागमूसही नव्हता.

रामन संशोधन संस्था

नोव्हेंबर १९७० मध्ये रामन यांचे निधन झाले. १९७१ मध्ये चंद्रशेखर आपल्या काही सहकाऱ्यांसह बंगळूरला आले व रामन संशोधन संस्थेत त्यांनी द्रवस्फटिक प्रयोगशाळा स्थापन केली. येथे त्यांनी घेतलेला एक निर्णय पुढील घडामोडींच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतच त्यांनी कार्बनी रसायनशास्त्राचा विभाग उघडला. हवा तो रेणू बाहेरून मागविण्याऐवजी येथेच घडवावा, शेजारच्या खोलीत त्याच्यावर क्ष-किरण पाडावेत, सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहावा आणि त्याचा सिद्धांतही तेथेच मांडावा, अशी ही रचना होती. आपल्याकडे रसायनशास्त्राचे आणि भौतिकशास्त्राचे विभाग एकाच इमारतीत असूनही एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. हे पाहता या व्यवस्थेचे वेगळेपण लक्षात येते.

बाहेर याच वर्षांत द्रवस्फटिकांचे दिवस पालटत होते. १९७० च्या सुमारास वळविलेल्या नेमॅटिक थरावर चालणारा डिस्प्ले पुढे आला. १९७३ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी सायनोबायफेनिल वर्गातील पदार्थ बनविले. सामान्य तापमानाला टिकणारे आणि थोड्याशा विद्युतदाबाने वळणारे हे पदार्थ हाती येताच मनगटी घड्याळांत व गणकयंत्रांत काळे आकडे उमटू लागले. या रेणूंच्या एका टोकाला प्रबळ विद्युत-द्विध्रुव असतो. असे शेजारशेजारचे रेणू एकमेकांच्या उलट दिशेला तोंड करून बसण्याची प्रवृत्ती दाखवितात, असे एन. व्ही. मधुसूदन व चंद्रशेखर यांनी त्याच काळात प्रतिपादन केले. पुढे क्ष-किरणांच्या प्रयोगांनी त्यास दुजोरा मिळाला. डिस्प्ले किती दाबावर चालेल हे ठरविताना ही गोष्ट विचारात घ्यावी लागत असल्याने या विवेचनाला व्यावहारिक मोलही होते.

१९७३ मध्ये संस्थेत द्रवस्फटिकांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९७९ मध्ये अशीच दुसरी परिषद झाली, आणि १९८२ मध्ये या विषयाची नियमित जागतिक परिषदही बंगळूरला झाली. चंद्रशेखर यांचा ‘लिक्विड क्रिस्टल्स’ हा ग्रंथ केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे रशियन व जपानी अनुवाद झाले आणि १९९२ मध्ये सुधारित दुसरी आवृत्ती निघाली. जगभरच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या हा विषय त्या ग्रंथातून शिकल्या.

चकत्यांचे द्रवस्फटिक

ग्रंथ निघाला त्याच वर्षी त्यात नसलेला एक प्रकार त्यांच्याच प्रयोगशाळेत सापडला.

द्रवस्फटिक बनण्यासाठी रेणू लांबट हवा, हा तोवर जणू नियमच होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन रसायनशास्त्रज्ञ डानिएल फोरलेंडर यांनी शेकडो पदार्थ तपासून तो घालून दिला होता. पानासारख्या पसरट रेणूंपासून द्रवस्फटिक मिळविण्याचे त्यांचे प्रयत्न फसले होते. कोळशाच्या डांबरापासून कोक बनताना मधल्या अवस्थेत चपट्या रेणूंची काही रचना दिसते, हे १९६० च्या दशकात आढळले होते, पण तो अनेक पदार्थांचा मिसळलेला आणि न टिकणारा प्रकार होता. शुद्ध, एकच एक, पुनःपुन्हा वितळवून तपासता येईल असा पदार्थ कोणाकडे नव्हता.

चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी बेंझिनच्या सहाही कोपऱ्यांना मेदाम्लाची लवचीक शेपटी जोडलेले पदार्थ घेतले. मधे कठीण चकती आणि भोवती सहा शेपट्या, असे या रेणूंचे रूप आहे. तापविताना त्यांपैकी काही पदार्थ घन आणि द्रव यांच्या दरम्यान एका वेगळ्याच अवस्थेत जात होते. उष्णतेची मोजमापे, सूक्ष्मदर्शकाखालील आकृत्या आणि क्ष-किरणांची चित्रे एकत्र ठेवल्यावर उलगडा झाला. ताटात भाकऱ्यांची चवड रचावी तसे रेणू एकावर एक बसून खांब तयार होत होते आणि असे खांब मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी मांडणीत उभे होते. पोळ्याच्या मांडणीला सुव्यवस्था होती, पण चवडीतल्या दोन चकत्यांमधील अंतर काटेकोर नव्हते. खांबाच्या दिशेने पदार्थ द्रवासारखाच होता.

तिघांचा निबंध १९७७ मध्ये बंगळूरहून निघणाऱ्या ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात आला. महत्त्वाचा शोध परदेशी नियतकालिकात छापल्याशिवाय त्याला किंमत येत नाही, ही समजूत तेव्हाही होती आणि आजही आहे. हा छोटासा निबंध तिला सणसणीत अपवाद ठरला. वर्षभरातच फ्रान्समधील संशोधकांनी ट्रायफेनिलिन या अधिक मोठ्या चकतीच्या रेणूंपासून असेच द्रवस्फटिक बनविले. मग चकत्या खांबांत न बसता नुसत्या एका दिशेला तोंड करून राहतात, असा नेमॅटिक प्रकारही त्यांना सापडला. आज अशा पदार्थांची संख्या हजारोंनी मोजावी लागते.

पॉलिमरच्या थरापर्यंत

चकत्यांच्या द्रवस्फटिकाचा पडद्याशी संबंध कसा आला, हे कळण्यासाठी एलसीडीची रचना थोडी पाहावी लागेल. वरकरणी हा डिस्प्ले द्रवाचा आणि काचेचा दिसला तरी त्याचे बरेचसे काम पॉलिमर करतात. दोन काचांच्या आतल्या बाजूंना पॉलिइमाइड या पॉलिमरचा लेप असतो. तो कापडाने एका दिशेने घासलेला असतो, आणि लांबट रेणू त्या दिशेनेच आडवे होतात. दोन काचांच्या घासण्याच्या दिशा काटकोनात ठेवल्याने मधला थर पीळ दिल्यासारखा वळतो. बाहेरच्या बाजूंना ध्रुवक पट्ट्या असतात. त्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ पापुद्रा आयोडिनात रंगवून व ताणून बनवितात आणि सेल्युलोज ट्रायअॅसिटेटच्या आवरणात ठेवतात. विद्युतदाब दिला की पीळ सुटून रेणू उभे राहतात व त्या जागी अंधार होतो.

अडचण अशी, की हा अंधार समोरून पाहणाऱ्यालाच अंधार दिसतो. काचेलगतचे रेणू पुरते उभे राहत नाहीत. ते तिरपे असतात. बाजूने पाहिल्यास त्यांच्यातून प्रकाश झिरपतो, काळे करडे दिसते आणि काही कोनांत तर रंगच उलटे होतात. घड्याळाच्या आकड्यांना हे चालून जाई. दहा माणसांनी एकत्र पाहायच्या पडद्याला ते चालण्यासारखे नव्हते.

यावरचा एक उपाय चकत्यांनी पुरविला. लांबट रेणूच्या लांबीच्या दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशाला अपवर्तनांक जास्त असतो. चकतीच्या अक्षाच्या दिशेने तो कमी असतो. म्हणजे एकाने केलेली चूक दुसरा खोडून काढू शकतो. त्यासाठी आतल्या लांबट रेणूंचा तिरपेपणा जसा पायरीपायरीने बदलतो, तसाच बाहेरच्या थरातील चकत्यांचाही बदलला पाहिजे. जपानच्या फुजी फोटो फिल्म कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यास हे साधले. छायाचित्रांच्या फिल्मसाठी वापरायच्या सेल्युलोज ट्रायअॅसिटेटच्या पट्टीवर ट्रायफेनिलिनच्या चकत्यांचा काही मायक्रोमीटर जाडीचा लेप द्यायचा. तो तापवून नेमॅटिक अवस्थेत आणला की चकत्या खाली एका कोनात आणि वर दुसऱ्या कोनात आपोआप मांडल्या जातात. त्यांच्या शेपट्यांच्या टोकांना परस्परांशी जोडले जाणारे रासायनिक गट असतात. मांडणी जुळताच अतिनील किरणांनी हे गट जोडून घ्यायचे. द्रव गोठून घन पॉलिमर होतो आणि चकत्यांचे कोन कायमचे पक्के बसतात. ही पट्टी चिकटविलेल्या पडद्यांवर बाजूनेही स्पष्ट दिसू लागले आणि टेबलावरच्या सपाट मॉनिटरचा मार्ग पुष्कळ सोपा झाला.

या पट्टीचे श्रेय चंद्रशेखर यांना देणे योग्य होणार नाही, आणि त्यांनीही तसा दावा केलेला नाही. त्यांच्या गटाला सापडली ती खांबांची रचना. पट्टीत वापरला गेला तो नंतर इतरांना सापडलेला नेमॅटिक प्रकार. ती बनविण्याची कला तर सर्वस्वी जपानी तंत्रज्ञांची. परंतु चकतीचा रेणू द्रवस्फटिक होऊ शकतो हेच ठाऊक नसते, तर असा थर बनविण्याची कल्पना सुचण्याचेही कारण नव्हते. पहिला निबंध आणि बाजारातील पट्टी यांत जवळपास दोन दशकांचे अंतर आहे. या अवधीत भारतात या पदार्थांचा अभ्यास होत राहिला, पण पडदे मात्र परदेशांत तयार झाले. त्याचा दोष संशोधकांकडे जात नाही. रासायनिक पदार्थ, काच, पट्ट्या आणि इलेक्ट्रॉनिक मंडले हे सारे एकाच देशात मोठ्या प्रमाणावर बनविणारा उद्योग येथे उभा राहिला नव्हता.

खांबांच्या रचनेचाही वेगळा उपयोग पुढे आला. चकत्यांच्या गाभ्यातून विद्युतभार वरच्या चकतीवरून खालच्या चकतीवर उतरतो, भोवतीच्या शेपट्या मात्र विद्युतरोधक असतात. म्हणून असा खांब म्हणजे वेष्टन घातलेली रेणूएवढी तारच होय. जर्मनीतील हेल्मुट रिंग्सडॉर्फ यांच्या गटाने १९८० च्या दशकात चकत्या साखळीत ओवलेले पॉलिमर बनविले. चंद्रशेखर यांनीही उतारवयात सहकाऱ्यांसह अशा खांबांची विद्युतवाहकता मोजली. ती खांबाच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा कित्येक पटींनी जास्त भरली.

द्रवस्फटिक संशोधन केंद्र

१९९० मध्ये चंद्रशेखर रामन संशोधन संस्थेतून निवृत्त झाले. साठीनंतर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. १९९१ मध्ये बंगळूरच्या जालहळ्ळी भागात त्यांनी द्रवस्फटिक संशोधन केंद्र स्थापन केले. त्यासाठी जागा मिळाली ती भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीची. पदार्थ घडविणारे आणि डिस्प्ले बनविणारे एका आवारात असावेत, ही त्यामागील कल्पना होती. १९९५ मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने केंद्राला स्वायत्त संस्थेचा दर्जा दिला.

१९९० ते १९९२ या काळात ते आंतरराष्ट्रीय द्रवस्फटिक संस्थेचे संस्थापक अध्यक्ष होते. द्रवस्फटिकांना वाहिलेल्या ‘मॉलिक्युलर क्रिस्टल्स अँड लिक्विड क्रिस्टल्स’ या नियतकालिकाच्या संपादनाची धुराही त्यांनी सांभाळली.

सन्मान

शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार (१९७२), लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (१९८३), याच सोसायटीचे रॉयल पदक (१९९४), पद्मभूषण (१९९८), युनेस्कोचे नील्स बोर सुवर्णपदक (१९९८) आणि फ्रान्स सरकारचा शैक्षणिक सन्मान हे त्यांपैकी प्रमुख होत. मामेभावाला नोबेल आणि त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, दोन्ही १९८३ मध्येच मिळाले.

८ मार्च २००४ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचे केंद्र विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे सोपविण्यात आले होते. २०१० मध्ये मृदू पदार्थ संशोधन केंद्र आणि २०१४ मध्ये अब्जांश व मृदू पदार्थ विज्ञान केंद्र अशी त्याची नावे बदलत गेली. द्रवस्फटिकांवरील काम तेथे अद्याप चालू आहे.